लग्नाचा सीझन तोंडावर आलाय: फोटोशॉपचा हप्ता भरावा की फुकटातलं शिकून घ्यावं?

काळी_माती

राम राम मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावात माझं फोटोचं दुकान आहे. पासपोर्ट फोटो, भरतीच्या फॉर्मचे फोटो, जुन्या फोटोंची दुरुस्ती (आजोबांचा फाटका फोटो आणून "याच्यावर फेटा बसवून द्या" हे काम हमखास येतं), वाढदिवसाचे फ्लेक्स आणि तुळशीचं लग्न लागलं की लग्नाच्या ऑर्डरी. अल्बमची शीट आजवर अमरावतीच्या एका डिझायनरकडून करून घेत होतो. तो शीटमागे पैसे घेतो आणि ऐन सीझनमध्ये फोन उचलत नाही. यंदा ते काम दुकानातच करायचं ठरवलंय.

त्यासाठी नवीन कॉम्प्युटर घेतला. १६ जीबी रॅम, एसएसडी, विंडोज ११, वेगळं ग्राफिक कार्ड नाही. विकणारा म्हणाला, "फोटोशॉप, कोरल, सगळं टाकून देतो, वरचे पाचशे द्या." मी तूर्तास थांबा म्हटलं. फोटोशॉपचा रीतसर हप्ता भरावा, तर लग्नं चार-पाच महिने आणि हप्ता बारा महिने. फुकटातलं घ्यावं, तर लॅबवाला फाइल घेईल का, पीएसडी टेम्पलेट (फोटोशॉपच्या तयार डिझाइन फाइली) उघडतील का, मराठी नीट उमटेल का, काही कळत नाही. इंटरनेट आहे, पण रस्त्याचं काम निघालं की केबल तुटलीच समजा.

ज्यांचं पोट यावर आहे त्यांनी सांगावं. "सगळंच चांगलं आहे, आपल्या गरजेनुसार ठरवा" असं कृपया नको.

उनाड_वऱ्हाडी

अजी भाऊ, पाचशात मिळून रायलं तं घ्या न टाकून! आमच्या इकडं मूर्तिजापूरपासून अकोल्यापर्यंत कोनाकडं ओरिजनल हाय, सांगा बरं? म्या तं जुन्या फोटोशॉप सेव्हनवर कितीक लग्नं काढली. आजपर्यंत कोनी पुसाले आलं नाई. हप्ते भरनारे पुन्यामुंबईचे लोक, आपल्याले काय करायचं ते?

वर्धेची_लेक

दादा, पुसायला कोणी येत नाही हे खरं. पण कायदा काय म्हणतो तेवढं तरी माहीत असू द्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ६३-ब आहे. सॉफ्टवेअरची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरली तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद माफ करू शकतं. दुकान म्हणजे धंदाच.

मला त्याहून मोठी काळजी वेगळी वाटते. हे क्रॅक टाकताना पहिली अट काय असते? अँटिव्हायरस बंद करा. काळी_माती, तुमच्या दुकानात लोक फॉर्म भरायलाही येत असणार. म्हणजे त्याच कॉम्प्युटरवर गावातल्या लोकांची आधार कार्डं, पासबुकाची पहिली पानं, सातबारे, सह्यांचे स्कॅन. तिथे कुठल्या अनोळखी माणसाने फोडलेलं सॉफ्टवेअर, तेही अँटिव्हायरस बंद करून? उद्या कोणाच्या खात्यातून पैसे गेले तर गाव तुमच्याच दारात येईल.

फोटोच्या दुरुस्तीला गिंप आणि कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलींना डार्कटेबल बघा. दोन्ही फुकट, दोन्ही कायदेशीर, धंद्याला वापरायची मुभा. गिंप १९९५ मध्ये बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलं आणि अजून जोमात आहे. २०२५ च्या मार्चमध्ये ३.० आलं. त्यात फिल्टर लावल्यावरही मूळ फोटो शाबूत राहतो, नंतर कमीजास्त करता येतं. जुन्या गिंपमध्ये ही सोय नव्हती आणि लोकांची मुख्य तक्रार तीच होती.

नियामक

क्रॅकच्या दोन लिंका उडवल्या आहेत. चर्चा करा, लिंका देऊ नका.

लॅबवाले_काका

मी अमरावतीला कलर लॅबमध्ये आहे. रीळ धुण्यापासून सगळं पाहिलंय, म्हणून थोडं लांबवतो.

फाइल कशात बनवली हे लॅबला दिसत नाही. आमच्या मशीनला लागतो जेपीजी, रंग एसआरजीबी (स्क्रीनचे नेहमीचे लाल-हिरवा-निळा), रिझोल्यूशन इंचाला ३०० पिक्सेल आणि माप बरोबर. बारा बाय छत्तीस इंची शीट म्हणजे ३६०० गुणिले १०८०० पिक्सेल. एवढं जुळलं की फाइल गिंपमधून आली काय आणि फोटोशॉपमधून आली काय, कागद तोच, रंग तोच. पीएसडी तर आम्हाला पाठवूच नका. तुमचा फाँट आमच्याकडे नसला की नवरीचं नाव बदलून जातं.

उलट महागडं सॉफ्टवेअर असूनही चुकीची फाइल रोज येते. फ्लेक्सचं काम करता करता तोच दस्तऐवज सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शायांच्या रंगांत) ठेवून अल्बमची शीट करतात. फोटो कागदावर आमचं मशीन लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशाने छापतं, शाईने नाही. सीएमवायके फाइल तिथे गेली की शालूचा लाल रंग विटकरी होतो आणि मग भांडण लॅबशी. दुसरी गोष्ट कडांची. बायंडिंगला चहूबाजूंनी कटिंग जातं. आजीचा चेहरा काठाला चिकटवला की आजी अर्धीच राहते. आणि शीटच्या बरोबर मधे घडी येते, तिथे नवरा-नवरीचं नाक ठेवू नये. हे कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये आपोआप होत नाही.

पैसे टाकायचेच असतील तर आधी मॉनिटरमध्ये टाका. गावाकडे बरेच जण झगझगीत स्क्रीनवर काम करतात, मग प्रिंट काळी आली म्हणून ओरडतात. ब्राइटनेस कमी करा, आमच्याकडून एक टेस्ट प्रिंट मागवा आणि ती शेजारी धरून स्क्रीन जुळवा. सीझनआधी कोणतीही बरी लॅब एवढं करून देते.

काळी_माती

काका, लॅबची भीती गेली. आता टेम्पलेटचं सांगा. माझ्याकडे विकत घेतलेल्या पीएसडी टेम्पलेटांचा डबा आहे. ते गिंपमध्ये उघडतील का? आणि हळदीचे फोटो, त्याचं काय करावं? पिवळ्या मंडपाखाली सगळं गाव हळद लागायच्या आधीच पिवळं दिसतं.

उनाड_वऱ्हाडी

गिंप म्या लावून पाह्यलं होतं. तोंडाले फेस आला. एक बटन जाग्यावर नाई. फोटोतून मानूस कापून काढाले, म्हंजे कटिंग कराले बसलो तं इकडची खिडकी तिकडं. सीझनमंदी शिकत बसलं तं नवरीले पोरगं होईन तवा अल्बम भेटीन.

वर्धेची_लेक

दादा, तुमचं बरोबर आहे, बोटांची सवय मोडत नाही. गिंपच्या सेटिंगमध्ये कीबोर्ड शॉर्टकट बदलून फोटोशॉपसारखे करता येतात. पण हे आत्ता बसून करा, ऐन मांडवात नको.

टेम्पलेटचं: गिंप पीएसडी उघडतं, पण जशीच्या तशी उघडेल असं धरून चालू नका. स्मार्ट ऑब्जेक्ट (आत फोटो बदलून बसवता येतो असे लेयर, म्हणजे थर) असले की गडबड होते, आणि अल्बम टेम्पलेटमध्ये नेमके तेच असतात. त्यासाठी फोटोपी बघा. ब्राउझरमध्ये चालतं, दिसायला जवळपास फोटोशॉपच, शॉर्टकटही तेच, आणि पीएसडी बऱ्यापैकी इमानदारीने उघडतं. २०१३ पासून मुख्यतः एकट्या माणसाने ते उभं केलंय. फोटो कुठे अपलोड होत नाहीत, सगळं तुमच्याच कॉम्प्युटरवर चालतं. त्यामुळे पान एकदा उघडलं आणि मधेच केबल तुटली तरी हातातलं काम अडत नाही. बाजूला जाहिराती दिसतात, नको असतील तर थोडे पैसे भरायचे. पण वीस-पंचवीस लेयरची छत्तीस इंची शीट ब्राउझरला जड जाते. दर थोड्या वेळाने सेव्ह करत राहा. आपल्याकडे लाइट सांगून जात नाही.

झाडीपट्टी_पोस्टर

वडसा देसाईगंजवरून बोलतोय. दिवाळी ते होळी आमचा नाटकाचा सीझन. रोज कुठल्या ना कुठल्या गावात मंडई (म्हणजे जत्रा) किंवा शंकरपट (बैलांची शर्यत), आणि रात्री तिथे नाटक. पोस्टर आणि फ्लेक्सचं काम एवढं की झोप नाही. म्हणून फ्लेक्सपुरतं सांगतो.

लोक फ्लेक्सची फाइलसुद्धा ३०० वर बनवतात आणि मग कॉम्प्युटर हँग झाला म्हणून सॉफ्टवेअरला शिव्या देतात. दहा बाय आठ फुटांचा फ्लेक्स ७२ वर केला तर ८६४० गुणिले ६९१२ पिक्सेल. बास झालं, तो वीस फुटांवरून बघायचा असतो. तोच ३०० वर केला तर ३६००० गुणिले २८८००. एकेक लेयर तीन जीबीचा. फोटोशॉप तर ३०००० पिक्सेलच्या पुढे साध्या पीएसडीत सेव्हही करत नाही. तुमची १६ जीबी रॅम फ्लेक्सला पुरून उरेल, माप नीट धरलं तर.

सीएमवायकेचा फ्लेक्सला फार बाऊ करू नका. छापणाऱ्याच्या मशीनचं स्वतःचं सॉफ्टवेअर रंग फिरवून घेतं, आमच्याकडचे प्रेसवाले आरजीबी जेपीजीसुद्धा घेतात. फक्त भडक पोपटी आणि गडद निळा स्क्रीनवर दिसतो तसा उतरत नाही, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवा. लग्नपत्रिका ऑफसेटवर छापायची असेल तर मात्र गोष्ट वेगळी. तिथे काळी अक्षरं फक्त काळ्या शाईत पाहिजेत. आरजीबीतला काळा चार शाया मिळून बनतो, आणि प्लेट केसभर सरकली की बारीक अक्षराला रंगीत किनार येते. गिंप मुळात आरजीबीत काम करतं. ३.० पासून सीएमवायके फाइल बाहेर काढता येते, पण पत्रिकेचा मजकूर मी त्यात करणार नाही.

आता अक्षरांचं, कारण सगळ्यात जास्त डोकं तिथेच जातं. श्रीलिपीचे जुने फाँट कुठेही चालतात, कारण ते इंग्रजीच्या जागी मराठी चित्रं बसवतात. त्याचंही लायसन लागतं, ते कोणी मोजत नाही, असो. युनिकोड मराठी, म्हणजे मोबाइलवर टाइप करतो ती, मात्र सॉफ्टवेअरने जोडावी लागते. गिंपमध्ये युनिकोड मराठी सरळ उमटतं, मी मुक्ता आणि बलू हे फुकटचे फाँट वापरतो. फोटोशॉपमध्ये सेटिंगमध्ये टाइपच्या पानावर जाऊन वर्ल्ड-रेडी लेआउट निवडावं लागतं, जुन्या आवृत्तीत त्याच जागी साउथ एशियन लिहिलेलं असेल. ते केलं नाही तर वेलांटी उड्या मारते. आणि उनाडभाऊंच्या सेव्हनमध्ये ती सोयच नाही.

नवीन कुठलंही सॉफ्टवेअर घेतलं की मी पहिल्यांदा एकच ओळ टाइप करतो: "॥ श्री विठ्ठल-रुक्मिणी प्रसन्न ॥ कार्यवाहक: क्षत्रिय मित्रमंडळ". श्र, ठ्ठ, क्म, प्र, न्न, र्य, क्ष, त्र. एका ओळीत सगळी परीक्षा.

उनाड_वऱ्हाडी

सेव्हनमंदी श्रीलिपी झकास चालते भाऊ. युनिकोड पायजेच कोनाले?

झाडीपट्टी_पोस्टर

ज्याच्याकडे गिऱ्हाईक व्हॉट्सअ‍ॅपवर अख्खा मजकूर पाठवते त्याला. चाळीस शुभेच्छुकांची नावं परत कोण टाइप करणार? कॉपी केलं, चिकटवलं, झालं.

रानवाट

मी ताडोब्याला मोहर्लीच्या बाजूने पर्यटकांसोबत फिरतो. फोटो काढतो, थोडे विकतो. हळदीच्या पिवळ्या रंगावर उत्तर सॉफ्टवेअरच्या आधी कॅमेऱ्यात आहे. रॉ काढा, म्हणजे कॅमेऱ्याने रंग पक्का न केलेली कच्ची फाइल.

जेपीजीत प्रत्येक रंगाच्या २५६ छटा. चौदा बिटच्या रॉमध्ये १६३८४. पिवळा काढून टाकायचा म्हणजे निळा ओढून वर आणायचा, आणि जेपीजीत ओढायला मागे काही उरलेलंच नसतं. चेहऱ्यावर चट्टे येतात. रॉमध्ये व्हाइट बॅलन्सचं ड्रॉपर घ्यायचं आणि पांढऱ्या गोष्टीवर टिचकी मारायची. हळदीत सगळ्यात हुकमी पांढरी गोष्ट म्हणजे नवरदेवाचं बनियन. पण ते पहिला हात लागायच्या आत टिपून ठेवा, नंतर ते पांढरं राहत नाही. त्या एका फोटोचा बॅलन्स कॉपी करून त्याच मंडपाच्या, त्याच वेळच्या सगळ्या फोटोंना चिकटवायचा. संध्याकाळी हॅलोजन लागले की पुन्हा नवीन.

यासाठी पैसे लागत नाहीत. कॅमेरा घेतला तेव्हाच सॉफ्टवेअर मिळालंय. कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल, निकॉनचं एनएक्स स्टुडिओ, सोनीचं इमेजिंग एज, तिन्ही कंपनीच्या साइटवर फुकट. कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसलेला रंग जसाच्या तसा यातच मिळतो. डार्कटेबल ताकदवान आहे, पण पहिल्यांदा उघडलं की घाबरायला होतं. नवख्याने आधी कंपनीचंच वापरावं.

मी स्वतः लाइटरूमचे (फोटोशॉपच्याच कंपनीचं, रॉ फोटोंसाठीचं) पैसे भरतो, आणि कशासाठी तेही सांगतो. पहाटे सहाला बांबूच्या बेटात वाघ निघतो तेव्हा उजेड इतका कमी की आयएसओ ६४०० च्या खाली काही जमत नाही, आणि तिथे फोटोत दाणे (नॉइज) येतात. २०२३ मध्ये लाइटरूममध्ये हे दाणे काढणारं एआयचं डिनॉइज आलं, आणि जे फोटो मी टाकून देत होतो ते विकायजोगे झाले. डार्कटेबल आणि रॉथेरपीतही नॉइज कमी होतो, पण मिशांचे केस असे टिकत नाहीत. माझ्यासाठी तेवढ्यावर हप्ता वसूल होतो. तुमच्याकडे मंडपात दोन सॉफ्टबॉक्स उभे असतील तर तुम्हाला त्याची काय गरज? शिवाय ग्राफिक कार्ड नसलं की एकेका फोटोला चहा पिऊन यायचा.

जाता जाता एक. फुकटातही दोन जाती आहेत. पिकासा आठवतं? गावोगावच्या फोटोवाल्यांचं लाडकं होतं. २०१६ मध्ये गुगलने बंद केलं. त्याच वर्षी फोटोच्या फिल्टरांचं निक कलेक्शन फुकट केलं, पुढच्याच वर्षी दुसऱ्या कंपनीला विकलं, आणि २०१८ पासून परत विकत. कंपनीने फुकट दिलेलं कंपनी परत घेऊ शकते. गिंप-डार्कटेबलचं तसं होत नाही, त्यांचा कोडच सगळ्यांना खुला आहे.

वर्धेची_लेक

हेच म्हणणार होते, आणि याच कारणाने अ‍ॅफिनिटीचं नाव मुद्दाम उशिरा घेतेय. ब्रिटनमधल्या सेरिफ कंपनीचं सॉफ्टवेअर, एकदाच पैसे भरून मिळायचं. २०२४ मध्ये कॅन्व्हाने कंपनी घेतली आणि २०२५ च्या ऑक्टोबरअखेर नवीन अ‍ॅफिनिटी चक्क फुकट केलं. फोटो, डिझाइन, पानांची मांडणी, तिन्ही एकात. खरं सीएमवायके आहे, पीएसडी उघडते, विंडोज आणि मॅकवर चालतं. कॅन्व्हाचं फुकट खातं काढावं लागतं. एआयची अवजारं तेवढी पैसेवाल्यांना. माझ्यासारख्या लिनक्सवालीला ते नाही, पण काळी_मातींना आहे.

उद्या कॅन्व्हाचं मन फिरलं तर? फिरू शकतं. म्हणून शीट तयार झाली की पूर्ण मापाचा जेपीजी आणि टिफ काढून वेगळ्या डिस्कवर ठेवायची. मग सॉफ्टवेअर राहो न राहो.

झाडीपट्टी_पोस्टर

अ‍ॅफिनिटीच्या आधीच्या आवृत्त्यांत युनिकोड मराठीची जोडाक्षरं तुटायची, मी त्यावरूनच सोडलं होतं. नवीन उतरवलंत तर माझी विठ्ठल-रुक्मिणीची ओळ आधी चालवा. तुटली तरी अडत नाही. मजकूर इंकस्केपमध्ये टाइप करायचा, तेही फुकट आहे, अक्षरांचं पाथ (रेषांची आकृती) करून पीडीएफ काढायची आणि ती शीटवर आणायची. एक काम वाढतं, पण चालतं. पत्रिका करणार असाल तर अक्षरं तिथे गेल्यावर पुन्हा शुद्ध काळी करा, इंकस्केप आरजीबीतलंच आहे.

काळी_माती

खूप उजेड पडला. आता हप्त्याचं कोणी सांगा. फोटोशॉपच्या पानावर तीन प्रकार दिसतात आणि पहिल्या दोघांत फरक काय तेच कळत नाही. दोन्हीकडे "महिना" लिहिलंय.

पतसंस्थेचा_पोऱ्या

हा प्रश्न माझ्या लाइनीतला. फोटोतलं काही कळत नाही, करारातलं कळतं.

एक प्रकार आहे वर्षाचा करार, पैसे दर महिन्याला. दुसरा खरोखरचा मासिक, कधीही सोडा. तिसरा वर्षाचे एकरकमी. पहिल्याचा आकडा मासिकपेक्षा कमी दिसतो म्हणून लोक त्यावर बोट ठेवतात, आणि लग्नं संपली की बंद करायला जातात. तेव्हा कळतं की चौदा दिवसांनंतर मधेच सोडलं तर उरलेल्या हप्त्यांवर दंड बसतो. अमेरिकेत याच प्रकारावरून, दंड ठळक सांगितला नाही म्हणून, तिथल्या व्यापार आयोगाच्या सांगण्यावरून न्याय खात्याने जून २०२४ मध्ये फोटोशॉपच्या कंपनीवर, अ‍ॅडोबीवर, खटला भरला. तेव्हा बोट ठेवण्याआधी खालची बारीक अक्षरं वाचा.

तुम्हाला चार-पाच महिनेच लागणार असेल तर मासिकाचा आकडा गुणिले महिने आणि वर्षाचा आकडा गुणिले बारा, दोन्ही कागदावर मांडा. १८ टक्के जीएसटी त्यात आहे की वरून, ते बघा. तुमची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल आणि नोंदणी नसेल तर तो जीएसटी परत मिळत नाही, तो खर्चच.

कार्डावरून आपोआप कापलं जाणार असेल तर आदल्या दिवशी बँकेचा मेसेज येतो. रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. त्या दिवशी खात्यात पैसे नसले की हप्ता अडकतो आणि लग्नाच्या आदल्या रात्री सॉफ्टवेअर दार लावून घेतं. वेगळं खातं ठेवा, सीझनभराचे पैसे त्यात आधीच टाका.

नुसतं इंटरनेट गेलं तर फोटोशॉप लगेच बंद पडत नाही. ते कॉम्प्युटरवर बसलेलं असतं, अधूनमधून लायसन तपासायला नेट लागतं. केबल दोन दिवस तुटली म्हणून काम थांबणार नाही.

उनाड_वऱ्हाडी

मले एक सांगा, पैसे भरून नेमकं काय जास्त भेटते? कटिंग तं दोन्हीकडं होते न?

काळी_माती

हेच पाहायला मी गेल्या सीझनमधलं एक लग्न घेऊन बसलो होतो, भाऊ. सांगतो.

कटिंगमध्ये फरक आहे. फोटोशॉपच्या सात दिवसांच्या चाचणीत नवरीला सिलेक्ट सब्जेक्टने (माणूस आपोआप निवडणारं अवजार) उचललं, तर गजऱ्यातली सुटी फुलं आणि कानाजवळची बट सकट आली. मास्कवर थोडा ब्रश फिरवला, झालं. गिंपमध्ये हाताने कडेकडेने पाथ मारून मारून तेच केलं, शेवटी दिसायला तेवढंच चांगलं झालं, पण हात दुखला. एका फोटोला चालतं, शंभर कटिंग असतील तर नाही.

दुसरीकडे रंगाचं काम. हळदीचे रॉ कॅमेऱ्याच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये रानवाट यांनी सांगितलं तसेच केले. बनियनवर टिचकी, सगळ्यांना चिकटव. मंडपाचा पिवळा गेला, हळदीचा पिवळा राहिला. नवरदेवाच्या काकांनी फोटो पाहून विचारलं, "कॅमेरा नवीन घेतला का?" यात पैसे शून्य.

टेम्पलेट फोटोपीत उघडले. दोन-तीन सोडले तर ठीक आले. जडपणा जाणवला, तेव्हा नको ते लेयर उडवून काम केलं. अ‍ॅफिनिटी उतरवलंय. त्यात शीटची मांडणी फोटोपीपेक्षा सुरळीत वाटली, पण जुने टेम्पलेट त्यात नव्याने जुळवावे लागतील. मजकुराला इंकस्केपचाच मार्ग धरलाय.

काकांच्या सांगण्यावरून टेस्ट प्रिंट मागवली. माझा मॉनिटर जवळजवळ दुप्पट उजेडावर होता.

तेव्हा असं ठरवतोय. रॉ कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये, फ्लेक्स गिंपमध्ये, शीट अ‍ॅफिनिटी आणि फोटोपीत. कटिंगच्या ऑर्डरी साचल्या तर फोटोशॉप मासिक घ्यायचं, करार नसलेलं, आणि फाल्गुनात बंद करायचं. त्या महिन्यांचे पैसे गिऱ्हाइकाच्या कटिंगच्या दरात धरायचे. पाचशेवाल्याला नाही म्हणून सांगितलं.

उनाड_वऱ्हाडी

तुमचा इचार पक्का दिसते. म्या आपला सेव्हनवरच बरा. पन ते आधार कार्डाचं ताईनं सांगतलं ते डोक्यात बसलं राव. फॉर्मचं काम आता पोराच्या लॅपटॉपवर नेतो, त्याच्यात क्रॅकबिक काई नाई.

लॅबवाले_काका

काळी_माती, टेस्ट प्रिंट ट्यूबलाइटखाली पाहू नका, दिवसा खिडकीजवळ पाहा. आणि चेहरे जास्त गोरे करू नका. नवरीला ओळखू न येणारी नवरी आमच्याकडे रोज छापली जाते, मग सासरचे लोक मूळ फोटो मागतात.

सेतूवाला

उशिरा आलो, पण फॉर्मच्या फोटोवर कोणी बोललंच नाही. आमच्या केंद्रावर भरतीच्या दिवसांत तेच काम.

आयबीपीएसच्या (बँक भरतीच्या) फॉर्मला फोटो २०० गुणिले २३० पिक्सेल, २० ते ५० केबी. सही १४० गुणिले ६०, १० ते २० केबी. फोटो लहान करायला बहुतेक जण इर्फानव्ह्यू वापरतात. सॉफ्टवेअर फार छान, पण फुकट फक्त घरगुती वापराला आहे. दुकानात वापरायचं तर लायसन विकत घ्यावं लागतं, फार नाही. हे कोणाला ठाऊकच नसतं.

काळी_माती

मलाही ठाऊक नव्हतं. मग गिंपमध्ये केबी कसे मोजता? दर वेळी सेव्ह करून फाइलवर राइट क्लिक करावं लागतं का?

सेतूवाला

नाही. आधी इमेज स्केल करून पिक्सेल बसवा. मग एक्स्पोर्ट करून जेपीजी निवडलं की क्वालिटीची पट्टी येते, तिथे प्रीव्ह्यूवर टिक करा. पट्टी सरकवाल तसा खाली फाइलचा आकार बदलताना दिसतो. फोटो ४५ केबीच्या आसपास ठेवा, काठावर नको. सहीचं उलटं असतं. १४० गुणिले ६० इतकी छोटी केली की शंभर क्वालिटीलाही ती १० केबीच्या खाली जाते आणि फॉर्म घेत नाही. तिथे पिक्सेल थोडे वाढवा, ते माप सुचवलेलं आहे, बंधन केबीचं आहे. सही काळ्या शाईची, पांढऱ्या कागदावर. आणि सगळी कॅपिटल अक्षरं असलेली सही चालत नाही, ती परत करायला लावा.